मुष्टियुद्ध आणि कॅथलिक नीतिविचार

मुष्टियुद्धासारखे लढतीचे खेळ नैतिकदृष्ट्या ग्राह्य आहेत काय, हा कॅथलिक नीतिमीमांसेत दीर्घकाळ चर्चिला गेलेला प्रश्न आहे. कॅथलिक चर्चने या खेळावर सर्वत्र लागू होणारी बंदी घातलेली नाही. तथापि व्यावसायिक मुष्टियुद्धाविषयी अनेक कॅथलिक नीतिशास्त्रज्ञांचे मत प्रतिकूल आहे.

पूर्वपरंपरा

संत ऑगस्टीन यांनी ‘कन्फेशन्स’ या आत्मकथनात आपला मित्र आलिपियस याची हकीकत दिली आहे. मित्रांनी ओढून नेल्यामुळे तो रोममधील ग्लॅडिएटरांच्या झुंजी पाहावयास गेला व डोळे मिटून बसला. प्रेक्षकांचा गलका ऐकून त्याने डोळे उघडले आणि रक्त पाहताच तो त्या दृश्याच्या पूर्ण आहारी गेला. खेळाडूइतकाच प्रेक्षकही नैतिक विचाराचा विषय आहे, हे यावरून ध्यानी येते. इ.स. ११३९ च्या दुसऱ्या लॅटेरन धर्मपरिषदेने सरदारांच्या शस्त्रस्पर्धांना मनाई केली व त्यांत मरणाऱ्यास चर्चचा दफनविधी नाकारला. हा निर्बंध १३१६ मध्ये उठला. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये द्वंद्वयुद्ध निषिद्ध ठरविताना प्रेक्षकांनाही बहिष्काराची शिक्षा सांगितली.

हेतू आणि इजा

केवळ धोका हा आक्षेपाचा विषय नाही. गिर्यारोहणातही मृत्यू येतो, परंतु तेथे तो अपघात असतो. मुष्टियुद्धात प्रतिस्पर्ध्याच्या मेंदूस हादरा देऊन त्याला दहा अंक मोजेपर्यंत उठू न देणे, म्हणजेच ‘नॉकआउट’, हा विजयाचा सर्वांत निर्णायक मार्ग होय. कॅथलिक विचारातील दुहेरी परिणामाच्या तत्त्वानुसार वाईट परिणाम काही प्रसंगी सहन करता येतो. मात्र तोच चांगल्या परिणामाचे साधन असता कामा नये. येथे तर इजा हेच साधन ठरते. विरोधकांचा हा युक्तिवाद सर्वांत बळकट म्हणावा लागेल. कुस्तीला तो लागू पडत नाही, कारण चीतपट करण्यासाठी प्रतिस्पर्ध्याचे खांदे जमिनीला टेकविणे पुरेसे असते.

दोघांच्या संमतीने लढत होते, हे उत्तरही अपुरे मानले जाते. मनुष्य आपल्या जीविताचा मालक नसून विश्वस्त आहे, अशी चर्चची शिकवण आहे. १८६७ च्या क्वीन्सबेरी नियमांनी हातमोजे सक्तीचे केले. परंतु ते प्रामुख्याने ठोसा मारणाऱ्याच्या हाताचे रक्षण करतात.

२४ मार्च १९६२ रोजी न्यू यॉर्कमध्ये एमिल ग्रिफिथविरुद्धच्या लढतीत बेनी पॅरेट बेशुद्ध पडला व ३ एप्रिलला मरण पावला. ही लढत दूरचित्रवाणीवर दाखविली जात होती. जागतिक वैद्यक संघटनेने १९८३ मध्ये मुष्टियुद्धावर बंदीची शिफारस केली. २००५ मध्ये रोममधील ‘ला चिविल्ता कात्तोलिका’ या जेझुइट नियतकालिकाने व्यावसायिक मुष्टियुद्ध अनैतिक असल्याचे प्रतिपादन केले.

समर्थनाची बाजू

दुसरीकडे, शिकागोत बिशप बर्नार्ड शील यांनी १९३० मध्ये स्थापन केलेल्या कॅथलिक युवक संघटनेने मुष्टियुद्धालाच तरुणांना शिस्त लावण्याचे साधन मानले. हौशी खेळात फेऱ्या कमी असतात व गुणांवर निर्णय देता येतो, असे समर्थक सांगतात. नॉकआउटची मुभा मात्र तेथेही असतेच. अमेरिकेतील नोत्र दाम या कॅथलिक विद्यापीठात ‘बेंगॉल बाउट्स’ ही विद्यार्थ्यांची मुष्टियुद्ध स्पर्धा भरते. तिचे उत्पन्न आजच्या बांगलादेशातील होली क्रॉस संघाच्या सेवाकार्यास दिले जाते.