अंगणातला पाचोळा फेकू नका! उन्हाळ्याआधी नागपूरकरांनी बागेत काय छाटायचे, काय राखायचे?

नागपूर : कडुनिंबाची पानगळ सुरू होते, आंब्याला मोहोर येतो, लिंबावर कोवळी पालवी दिसते आणि घरोघरी बागेची साफसफाई निघते. मनीषनगर, बेसा, बेलतरोडी भागातील नव्या घरांपुढे तर अनेक बागा अजून आकार घेत आहेत. मात्र, अंगण चकाचक करण्याच्या नादात झाडांचे उन्हाळ्यातले संरक्षणच कचरागाडीत जाते.

नागपूरचा वसंत वेगळा का?

थंड प्रदेशात वसंतानंतर सौम्य उन्हाळा येतो. त्यामुळे तिकडच्या व्हिडिओंमध्ये या दिवसांत जोरदार छाटणी आणि भरपूर खताचा सल्ला असतो. नागपुरात मार्चअखेर पारा 40 अंशांच्या आसपास पोहोचतो आणि मे महिन्यात 45 अंशांवर जातो. उशिरा छाटलेल्या झाडाची कोवळी फूट या उन्हात करपते. म्हणून मोठी कामे फेब्रुवारीतच उरकावीत.

कशाची छाटणी करायची?

• मोगरा : फुले नव्या फुटीवर येतात. छाटणी जानेवारी-फेब्रुवारीत. मार्च उजाडला तर फक्त वाळक्या काड्या काढाव्यात.

• जास्वंद : फेब्रुवारीत हलकी छाटणी.

• गुलाब : मोठी छाटणी ऑक्टोबरमधली. आता केवळ सुकलेली फुले काढावीत.

• आंबा : मोहोर असताना कात्री लावू नये.

• संत्रा, लिंबू : हा आंबिया बहराचा काळ आहे, त्यामुळे शेंडे छाटू नयेत. पण कलमाच्या जोडाखालून जोमाने फूट येत असेल तर ती लगेच काढावी. ती संत्र्याची नसते. ज्या जंबेरी किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर कलम बांधले, त्याची असते. 'झाड छान वाढतेय' म्हणून ती राखली, तर खुंट वाढतो आणि संत्रा मागे पडतो.

पाचोळ्याचे काय करायचे?

काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि ओल झपाट्याने उडते. झाडाच्या आळ्यात पाचोळ्याचा दोन-तीन इंच थर दिला, तर माती गार राहते आणि पाणी कमी लागते. थर खोडाला चिकटू देऊ नये. उरलेला पाचोळा खड्ड्यात टाकावा. तीन भाग सुकी पाने, एक भाग स्वयंपाकघरातला ओला कचरा, असे प्रमाण ठेवून अधूनमधून पाणी शिंपडावे. पावसाळ्याच्या लागवडीपर्यंत खत तयार होते. कीड-रोग लागलेली पाने मात्र वेगळी काढावीत. गाजरगवत फुलण्याआधीच हातमोजे घालून उपटावे.

पाने जाळली तर?

राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर 2016 मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यास देशभर बंदी घातली. साध्या प्रकरणात 5 हजार, तर मोठ्या प्रमाणावर जाळल्यास 25 हजार रुपये दंडाची तरतूद त्या आदेशात आहे. घनकचरा व्यवस्थापन नियमांनुसार बागेचा कचराही वेगळा ठेवावा लागतो. अंगणातले झाड तोडायचे असेल, तर वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते.

नव्या घराच्या बागेत आधी काय?

बांधकामाचा मलबा अनेकदा अंगणातच दबलेला असतो. सिमेंटमधल्या चुन्यामुळे माती अल्कधर्मी होते, झाडाला लोह मिळत नाही आणि कोवळी पाने पिवळी पडतात. अशा वेळी खत वाढवून उपयोग नाही. मलबा काढून चांगली माती आणि शेणखत भरावे लागते.

कूलरच्या टाकीत उरलेले पाणीही कुंड्यांना रोज घालू नये. पाणी उडून गेल्यावर क्षार मागे राहतात आणि ते मुळांना बाधतात.

पाणी पहाटे किंवा संध्याकाळी द्यावे, एप्रिलपासून कुंड्यांवर हिरवी जाळी बांधावी. गुढीपाडव्यापर्यंत आळ्यातली माती पाचोळ्याखाली झाकली गेली, तर यंदाची नवी रोपे नवतपा पार करून पावसाळा पाहण्याची शक्यता वाढते.