किती पेट्या बसल्या?

फेब्रुवारी उजाडला की माझा अर्धा दिवस टेम्पोत जातो. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत माझा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा छोटा कारखाना आहे आणि द्राक्षाच्या हंगामात दिंडोरी तालुक्यातली पॅकहाउसं हे माझं मोठं गिऱ्हाईक. माल पोचवायला ड्रायव्हर असतोच, पण हंगामात मीही शेजारी बसतो. मालक समोर उभा असला की मागची बिलं जरा लवकर निघतात. द्वारका, पंचवटी, म्हसरूळ, ढकांबे असं करत जाऊन-येऊन तीन तास मोडतात. या तीन तासांचं करायचं काय, यातून मला पॉडकास्टचा नाद लागला.

आमच्या अण्णांनाही ऐकण्याचा नाद होता. मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला सुरू झाली की ते संध्याकाळी देवमामलेदारांच्या पटांगणात हजर. रात्री जेवताना आम्हाला व्याख्यानाचा सारांश मिळायचा आणि शेवटी निकाल. निकाल बहुतेक वेळा एकच असायचा : "वक्ता चांगला, पण हाताला काही लागलं नाही." कधीतरी एखाद्या रात्री मात्र ते जेवण अर्धवट टाकून वही शोधायला उठायचे.

मी सुरुवात केली ती सगळे करतात तशीच. फोनवर 'उद्योजक पॉडकास्ट' असं लिहिलं. समोर माणसंच माणसं, प्रत्येकाच्या तोंडापुढे काळा माइक आणि खाली शून्यातून शंभर कोटींची भाषा. महिनाभर मी हेच ऐकलं. ऐकताना अंगात दहा हत्तींचं बळ यायचं आणि ढकांबे येईपर्यंत ओसरायचं. उसाच्या रसासारखं. गोड लागतो, बरं वाटतं, पण त्यावर दिवस निघत नाही.

पुतण्यानं माझा शोध पाहिला आणि म्हणाला, "काका, तुम्ही विषय शोधताय. माणूस शोधा."

हे मला पटलं. 'लिसन नोट्स' नावाची एक साइट आहे, ती फक्त पॉडकास्टमध्येच शोधते. तिथे माणसाचं नाव टाकलं की ज्या ज्या भागांच्या माहितीत ते नाव आहे ते भाग समोर येतात. मराठीसाठी मात्र तेवढ्यावर भागत नाही. मराठी गप्पांचा मोठा भाग यूट्यूबवर आहे, आणि 2024 मध्ये गूगलनं स्वतःचं पॉडकास्टचं अ‍ॅप बंद करून ऐकणाऱ्यांना यूट्यूब म्युझिकची वाट दाखवली, तेव्हापासून तो ओघ वाढलाच आहे. शिवाय कार्यक्रम मराठी असला तरी त्याचं शीर्षक पुष्कळदा रोमन लिपीत असतं. म्हणून नाव दोन्ही लिप्यांत टाकायचं आणि रोमनमध्ये दोन-तीन स्पेलिंगं करून पाहायची.

मी पहिलं नाव टाकलं विलास शिंदे. त्यांच्या सह्याद्री फार्म्सचं मोहाडीचं आवार माझ्या रोजच्या टापूतलं. शिवाय त्यांच्या गोष्टीतला एक टप्पा मी जवळून पाहिलेला आहे. 2010 साली युरोपात नाशिकच्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडले आणि कंटेनर अडकले. वाढ रोखायला वापरलं जाणारं ते औषध, इकडे सगळे त्याला 'सीसीसी' म्हणतात. त्या वर्षी पॅकहाउसांत माणसं हळू आवाजात बोलायची. शिंद्यांनाही तेव्हा मोठा फटका बसला आणि त्यानंतर सह्याद्री ही शेतकऱ्यांची कंपनी उभी राहिली.

एकाच पाहुण्याच्या मुलाखती पाठोपाठ ऐकण्याचा फायदा असा, की पाहुणा तोच, गोष्ट तीच, त्यामुळे फरक दिसतो तो विचारणाऱ्याचा. 2010 साल आलं की मी कान टवकारतो. 'संकटातून संधी' एवढं म्हणून जो पुढच्या प्रश्नाकडे जातो, त्याच्याकडे आलेले बाकीचे पाहुणेही आपल्याला फारसं काही देणार नाहीत. कंटेनर अडकला म्हणजे नेमकं काय झालं, माल कुणाचा, पैसे कुणाचे, शेतकऱ्याला कोणी आणि काय सांगितलं, असं विचारत जो तिथेच रेंगाळतो, त्याचे बाकीचे भाग डोळे मिटून उतरवून घ्यावेत. आपल्याला ओळखीच्या धंद्यातला, ओळखीच्या गावातला एक माणूस मापाला घ्यायचा आणि त्यावर कार्यक्रम मोजायचा. सुला विनयार्ड्सच्या राजीव सामंतांचं नाव टाकूनही मी हेच करून पाहिलं.

मग छाटणी. द्राक्षबागेला वर्षात दोन छाटण्या लागतात. एप्रिलची खरड छाटणी काडी तयार होण्यासाठी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी फळासाठी. ऐकायच्या कार्यक्रमांची यादी मी एका वहीत केली होती, तिलाही दोन छाटण्या लावल्या. खरड छाटणीत पाहायचं ते इतकंच, की शेवटचा भाग कधी आला. उत्साहानं सुरू झालेले कितीतरी कार्यक्रम सात-आठ भागांनंतर मुके होतात, आणि पान मात्र तसंच उघडं असतं. गोडी छाटणीत दोन प्रश्न. विचारणारा तयारी करून आला आहे का? आणि पाहुणा आकडा सांगतो का? नफ्याचा आकडा सगळेच सांगतात. चुकीचा सांगतो का?

इंग्रजीत या कसोटीला 'हाऊ आय बिल्ट धिस' उतरतो. 2016 मध्ये अमेरिकेच्या एनपीआरवर सुरू झालेला हा कार्यक्रम गाय राझ करतात. शेवटी ते पाहुण्याला हमखास विचारतात, यात नशीब किती आणि मेहनत किती? शंभर जणांची उत्तरं ऐकली की माणसं ओळखता यायला लागतात. 'अ‍ॅक्वायर्ड'मध्ये दोघं जण एकेका कंपनीवर कित्येक तास बोलतात, तिथे कळतं की अभ्यास म्हणजे काय. अमित वर्मा यांचा 'द सीन अँड द अनसीन' मी दोन-तीन खेपांत मिळून एक भाग असा ऐकतो, इतका तो लांब. मराठीत 'थिंक बँक', 'मित्रम्हणे', 'अमुक तमुक' वहीत टिकले. ते काही निव्वळ उद्योजकांचे नाहीत, आणि मला ते बरंच वाटतं. धंद्यातल्या निम्म्या अडचणी धंद्याच्या नसतातच. त्या भाऊबंदकीच्या असतात, झोपेच्या असतात, नाही म्हणता न येण्याच्या असतात.

ऐकता ऐकता पुढची हौस सुटली. आपणही पाहुणा व्हावं. एका उद्योजक मेळाव्यात कुणीतरी म्हणालं, "फुकट मार्केटिंग आहे शेठ," आणि माझ्या डोक्यात ते बसलं.

पत्ते मिळवणं अवघड नाही. प्रत्येक पॉडकास्टच्या मागे एक फीड असते, म्हणजे मजकुराची साधी फाइल. तीत अनेकदा मालकाचा ईमेल असतो. यूट्यूबवर चॅनेलच्या माहितीत पाहावं. मी वीसेक जणांना ईमेल पाठवले. विषय : माझा उद्योजकीय प्रवास. उत्तर आलं ते एकाचंच आणि ते पत्र नव्हतं, दरपत्रक होतं. पंचवीस हजार, जीएसटी वेगळा, सोबत तीन रील मोफत. मी रोज कोटेशन पाठवतो, त्यामुळे मला राग आला नाही. पण आकडा पाहून एक शहाणपण आलं. पाहुणाच पैसे देत असेल तर त्याला अडचणीचा प्रश्न कोण विचारणार? तो कार्यक्रम मी ऐकण्याच्या यादीतूनही काढला.

पाहुणे आणि कार्यक्रम यांची गाठ घालून देणाऱ्या साइटही आहेत. पॉडमॅच त्यांतली एक. कारभार थेट वधू-वर सूचक मंडळाचा. फोटो, चार ओळी परिचय, अपेक्षा. मला तिथे दिसली ती स्थळं बहुतेक इंग्रजी आणि परदेशी. आमची पत्रिका जुळली नाही.

पुतण्यानं माझा ईमेल वाचला. "काका, यात तुमच्या नावाऐवजी कुणाचंही नाव टाकलं तरी चालेल."

"मग काय लिहू?"

"पेट्या बसल्या होत्या ते लिहा ना."

मी दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही.

पेटी बसणं, म्हणजे भारानं चेपणं, हा आमच्या धंद्यातला अपशब्द. निर्यातीच्या द्राक्षाची पेटी पाच किलोची असते, तीत अर्ध्या किलोचे दहा पनेट, म्हणजे छोटे डबे. अशा पेट्या पॅलेटवर एकावर एक रचून शीतगृहात जातात. तिथलं तापमान शून्याच्या आसपास आणि हवेतली आर्द्रता 90 टक्क्यांच्या वर, कारण हवा कोरडी असली तर मणी सुकतो, देठ तपकिरी पडतो. मण्याला जे मानवतं तेच पुठ्ठ्याला बाधतं. कागद ओल पितो. एवढ्या दमट हवेत पुठ्ठ्याची भार पेलण्याची ताकद निम्म्यावर येऊ शकते. त्यात पेटीला हवा खेळायला भोकं पाडलेली असतात, तीही ताकद खातात. पेटीचा भार मुख्यतः तिचे चार कोपरे पेलतात. कोपऱ्यावर कोपरा आला तर थप्पी उभी राहते. विटांसारखी सांधे मोडून रचली तर दिसायला भक्कम दिसते, पण वरचा कोपरा खालच्या पेटीच्या मऊ पोटावर येतो आणि उरलेली ताकदही जाते.

हे सगळं मला आज पाठ आहे. पेट्या बसल्या त्या वर्षी मी अंबडच्या कोरड्या जानेवारीत नमुन्याच्या पेटीवर स्वतः उभा राहून दाखवलं होतं. समोरच्यांनी टाळ्याही वाजवल्या होत्या. कागद थोडा हलका घेतला होता, पेटीमागे थोडे पैसे सुटत होते. माल गेला, थंड खोलीत लागला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. "शेठ, खालचा थर बसला."

शेवटी मी नवा ईमेल लिहिला, चार ओळींचा. माणूस वर उभा राहिला तरी न दबणारी पेटी थंड खोलीत तिसऱ्या दिवशी का बसते, हे मी स्वतःचे पैसे घालून शिकलो आहे. तुमचा डाळिंबाच्या निर्यातीवरचा भाग मी दोनदा ऐकला, त्यात पॅकिंगचा विषय निघाला आणि राहून गेला. तुमच्या श्रोत्यांना हे वीस मिनिटांत सांगता येईल. असे पाचच ईमेल, प्रत्येकात त्या त्या कार्यक्रमाचा ऐकलेला भाग. दोन उत्तरं आली. त्यातला एक कार्यक्रम शेतमालाच्या निर्यातीवरचा, अगदी छोटा. ऐकणारे पाचशेच्या घरात, पण सगळे द्राक्ष नाहीतर डाळिंबवाले. मला लाखभर श्रोते मिळाले असते तरी त्यातून इतके पेटीवाले निघाले नसते.

रेकॉर्डिंग रविवारी दुपारी, ऑनलाइन. मशीनं बंद, पंखा बंद, मी कारखान्याच्या ऑफिसात घामाघूम. भोवती छतापर्यंत पुठ्ठ्याचे गठ्ठे, त्यामुळे आवाज अजिबात घुमत नव्हता. मुलाखत घेणारी मुलगी माझ्या लेकीच्या वयाची. पहिली दहा मिनिटं मी छान बोललो. कागद, आर्द्रता, कोपरे. मग तिनं विचारलं,

"सर, किती पेट्या बसल्या?"

"झालं थोडंफार नुकसान."

"थोडंफार म्हणजे किती?"

ती गप्प राहिली. माझ्या लक्षात आलं, की माझ्या वहीतल्या नियमानं मी या पाहुण्यावर काट मारली असती.

"साडेचारशे," मी म्हणालो.

"पैसे कोणी भरले?"

"पेट्यांचे मी. द्राक्षांचे निम्मे मी."

"हे आधी कुणाला सांगितलं होतं?"

"बायकोला. तिलाही निम्माच आकडा."

ती हसली, मीही हसलो, आणि त्यानंतरची दहा मिनिटं खरी झाली. कागद हलका घेतला होता हेही तेव्हाच तोंडातून गेलं. ते मी ईमेलात लिहिलं नव्हतं. भाग आला त्या रात्री बायकोनं तो ऐकायला मागितला, तेव्हा मात्र मी तो अजून यायचा आहे असं सांगून वेळ मारून नेली.

त्या भागामुळे नवी ऑर्डर आली नाही, हे लिहून ठेवतो, म्हणजे फुकट मार्केटिंगच्या आशेनं कुणी या वाटेला जाऊ नये. फोन मात्र आले. एका शीतगृहाच्या सुपरवायझरनं थप्पीचे फोटो पाठवून विचारलं, हे बरोबर आहे का? मी स्वतः एक बदल केला. आता नमुन्याच्या पेट्या आधी रात्रभर गिऱ्हाइकाच्या थंड खोलीत ठेवतो आणि भार लावतो तो सकाळी, तिथेच. पेटीवर उभं राहणं बंद.

सगळ्यात लांबचा फोन सिन्नरकडच्या एका पेटीवाल्याचा. धंद्यात आम्ही एकमेकांचे भाव तोडणारे. ते म्हणाले, "बरं केलंत बोललात. आमच्याही बसल्या होत्या, तुमच्यापेक्षा जास्त."

"किती?" मी विचारलं.

"आता जाऊ द्या ना शेठ ते."

"अहो, मग तुम्हीही या की कार्यक्रमात. त्या मुलीचा नंबर देतो. तुमचं ऐकून दहा जण वाचतील."

"नको नको," ते घाईनं म्हणाले, "गिऱ्हाईक ऐकतं हो."

फोन ठेवल्यावर मी वही काढली. डाव्या पानावर ऐकायचे कार्यक्रम आहेत, उजव्या पानावर ज्यांना ऐकायला आवडेल अशी आपल्याकडची माणसं. उजवीकडे त्यांचं नाव लिहिलं आणि पुढे आकड्यापुरती जागा सोडली. ती अजून कोरी आहे.