विरघळलेले मीठ जाते कोठे?

छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उद्दालक आरुणी आणि त्याचा पुत्र श्वेतकेतू यांची एक गोष्ट आहे. पित्याने पुत्रास रात्री मिठाचा खडा पाण्यात टाकावयास सांगितला. सकाळी तोच खडा परत आणावयास सांगितले. श्वेतकेतूने पाण्यात हात घालून पाहिले, पण त्यास मीठ काही सापडेना. मग पित्याने त्यास पाण्याचा घोट एका कडेने, मग मधून, मग दुसऱ्या कडेने घ्यावयास लावला. तिन्ही घोट खारट! मीठ डोळ्यांना दिसत नव्हते, हातास लागत नव्हते. तथापि ते पाण्यात सर्वत्र होते.

उद्दालकास या दृष्टान्तातून आत्मज्ञान सांगावयाचे होते. आपला आजचा विषय मात्र अगदी ऐहिक आहे. जिभेने मीठ आहे एवढे सांगितले. पण ते किती आहे? जेवढे टाकले तेवढेच आहे, की विरघळताना त्यातले थोडे नाहीसे झाले? या प्रश्नाचे उत्तर जीभ देऊ शकत नाही. त्यासाठी तराजू हवा. आणि हे उत्तर केवळ शाळेतील परीक्षेपुरते नाही. आजारी बालकाचे प्राण आणि घरच्या पाण्याची शुद्धता ही दोन्ही त्याच्याशी निगडित आहेत.

घरच्या घरी प्रयोग

स्वयंपाकघरातील छोट्या काट्यावर हा प्रयोग मुलांनाही करता येईल. एका पेल्यात २०० ग्रॅम पाणी घ्यावे. कागदावर २० ग्रॅम मीठ मोजून घ्यावे. मीठ पाण्यात टाकून ढवळावे. चमच्याला लागलेले थेंब पेल्यातच झटकावेत. मीठ दिसेनासे झाल्यावर पेला पुन्हा काट्यावर ठेवावा. पेल्याचे वजन वजा करता काटा २२० ग्रॅमच दाखवील.

हेच पाणी पसरट थाळीत ओतून उन्हात ठेवले, तर काही दिवसांनी पाणी उडून जाईल आणि थाळीत पांढरे मीठ उरेल. ते पूर्ण कोरडे करून जोखले, तर पुन्हा २० ग्रॅमच्या आसपास भरेल. आपल्या किनाऱ्यावरील मिठागरांचा सारा व्यवसाय याच तत्त्वावर उभा आहे. समुद्राच्या एक किलो पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार विरघळलेले असतात. आगरी माणूस ते नव्याने निर्माण करीत नाही. पाणी उन्हाच्या स्वाधीन करून, पाण्यात मुळात असलेले मीठ तो वेगळे करतो.

आता दुसरी गंमत पाहावी. पेल्यात मीठ टाकण्यापूर्वी आणि नंतर पाण्याची पातळी खुणेने नोंदली, तर ती अपेक्षेपेक्षा कमी चढलेली दिसेल. २० ग्रॅम मिठाच्या स्फटिकांनी स्वतः सुमारे ९ मिलिलिटर जागा व्यापलेली असते. पण पाण्याचे आकारमान वाढते ते सहा-साडेसहा मिलिलिटरच. काठोकाठ भरलेल्या चहाच्या कपात अलगद साखर सोडली, तरी चहा बराच वेळ सांडत नाही, हा अनुभव पुष्कळांना असेल. येथेच आपली फसगत होते. जागा कमी लागली म्हणजे पदार्थही कमी झाला, असे मनास वाटते.

परंतु आकारमान आणि वस्तुमान या दोन भिन्न गोष्टी आहेत. आकारमान म्हणजे पदार्थाने व्यापलेली जागा. वस्तुमान म्हणजे त्यातील द्रव्याचा संचय. एका मापात हरभरे आणि तेवढ्याच दुसऱ्या मापात मोहरी घेऊन दोन्ही एकत्र केली, तर दोन मापे पूर्ण भरत नाहीत. मोहरी हरभऱ्यांच्या फटींत शिरते. म्हणून काही हरभरे वा मोहरी कोणी चोरली, असे आपण म्हणत नाही. ५० मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल आणि ५० मिलिलिटर पाणी एकत्र केले, तर मिश्रण १०० नव्हे, सुमारे ९६ मिलिलिटर भरते. वजन मात्र दोहोंचे मिळून जेवढे, तेवढेच राहते.

आत काय घडते?

मिठाचा स्फटिक म्हणजे सोडियम आणि क्लोरीन यांच्या विद्युत्-भारित कणांची नीट रचलेली रास होय. या कणांना आयन म्हणतात. सोडियमचा आयन धनभारित आणि क्लोरीनचा ऋणभारित असल्याने ते एकमेकांना धरून असतात. पाण्याच्या रेणूचेही एक टोक किंचित धन आणि दुसरे किंचित ऋण असते. स्फटिक पाण्यात पडताच पाण्याचे रेणू त्याच्या पृष्ठभागावरील आयनांना ओढू लागतात, एकेक आयन सुटा करतात आणि त्यास चारी बाजूंनी वेढून घेतात. असे वेढलेले आयन हळूहळू सर्व पाण्यात पसरतात. श्वेतकेतूचे तिन्ही घोट खारट लागले, ते यामुळेच. सुटे झालेले आयन इतके सूक्ष्म असतात की प्रकाश त्यांच्यावर अडखळत नाही. म्हणून पाणी स्वच्छ दिसते. आणि आयनांभोवती पाण्याचे रेणू अधिक दाटीने बसत असल्यामुळे आकारमान थोडे आटते.

या साऱ्या घडामोडीत एकही अणू नष्ट झाला नाही, एकही नवा निर्माण झाला नाही. विटांची भिंत पाडून विटा अंगणभर पसरल्या, तर भिंत नाहीशी होईल. विटांची संख्या तीच राहील. वस्तुमान कायम राहते याचे कारण एवढे साधे आहे.

तराजूचा शोध

हे आज साधे वाटते. पण त्यासाठी पुष्कळ श्रम पडले. पाणी दीर्घकाळ उकळल्यास त्याची माती होते, असा युरोपात जुना समज होता. काचपात्रात पाणी बराच काळ उकळले की तळाशी खरोखरच थोडा गाळ जमत असे. फ्रान्समधील आंत्वान लाव्हाझिए याने १७६८ साली बंद काचपात्रात पाणी घालून ते १०१ दिवस तापत ठेवले. आरंभी त्याने पात्र आणि पाणी काळजीपूर्वक जोखून ठेवले होते. शेवटी पाहतो तो एकूण वजन बदललेले नाही. पण रिकाम्या पात्राचे वजन घटले होते, आणि घट जवळजवळ त्या मातीएवढीच होती. पाण्याची माती झाली नव्हती; काच किंचित विरघळून पाण्यात उतरली होती! डोळ्यांनी चुकीची साक्ष दिली, तराजूने खरी दिली. १७८९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या रसायनशास्त्रावरील ग्रंथात त्याने वस्तुमानाच्या अक्षय्यतेचे तत्त्व स्पष्ट मांडले.

पुढे जर्मन रसायनशास्त्रज्ञ हान्स लान्डोल्ट याने १८९३ पासून बंद काचनळ्यांत प्रयोग करून अतिशय नाजूक तराजूवर हे तत्त्व पारखले. प्रारंभी त्यास वजनात अत्यल्प घट दिसली. तो घाईने निष्कर्षावर आला नाही. नळी तापली की तिचे आकारमान किंचित वाढते आणि तिच्या पृष्ठभागावरील ओलाव्याचा पातळ थर कमी होतो, हे त्याच्या ध्यानी आले. ही कारणे दूर केल्यावर, १९०८ पर्यंत, घट नाहीशी झाली.

आइन्स्टाईनच्या सिद्धान्तानुसार उष्णता आत गेली वा बाहेर पडली तर वस्तुमानात फरक पडतो, असे काही वाचक म्हणतील. ते खरे आहे. मीठ विरघळताना थोडी उष्णता शोषली जाते. पण १०० ग्रॅम मिठाच्या बाबतीत हा फरक एका ग्रॅमच्या दहा अब्जाव्या भागाहूनही कमी भरतो. कोणत्याही घरगुती काट्यास तो कळणार नाही.

जेथे वजन खरोखर घटते

पाण्याऐवजी लिंबाच्या रसात खाण्याचा सोडा टाकला, तर मात्र फसफसून बुडबुडे येतात आणि काटा कमी वजन दाखवतो. मग नियम मोडला काय? नाही. येथे केवळ विरघळणे घडत नाही. रासायनिक क्रियेने कार्बन डायऑक्साइड वायू तयार होऊन हवेत निघून जातो. ८.४ ग्रॅम सोड्यातून अधिकात अधिक ४.४ ग्रॅम वायू निघतो, आणि तेवढेच वजन घटते. हीच क्रिया भक्कम बंद पात्रात केली, तर वजन तसूभरही ढळत नाही. (घरी बंद बाटलीत हा प्रयोग कदापि करू नये, बाटली फुटण्याचा संभव असतो.)

एक लिटर म्हणजे एक लिटरच

आता या तत्त्वाचे व्यवहारातील मोल पाहू. १९७१ साली पूर्व बंगालमधून आलेल्या लक्षावधी निर्वासितांच्या छावण्यांत कॉलऱ्याची साथ पसरली. शिरेवाटे द्यावयाचे सलाईन अपुरे पडू लागले. बनगाव येथे काम करणारे डॉ. दिलीप महालनबीस यांनी एक धाडसी निर्णय घेतला. दर लिटर पाण्यास २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा या प्रमाणात मिश्रण तयार करवून त्यांनी ते रुग्णांना तोंडानेच पाजविले. रुग्णांचे नातेवाईकच ते पेल्यापेल्याने देत. तेथील मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्याही खाली आले.

आज मिळणाऱ्या ओआरएसच्या मोठ्या पुडीत, जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ च्या सूत्राप्रमाणे, एका लिटरसाठी एकंदर २०.५ ग्रॅम द्रव्य असते. ग्लुकोज आणि मीठ योग्य प्रमाणात एकत्र असले म्हणजे आतडे त्यांसह पाणीही शोषून घेते. आता समजा, मुलास एवढे पाणी पाजणे कठीण म्हणून एखाद्या मातेने पुडी अर्ध्याच लिटरात घातली. पाणी तितकेच स्वच्छ दिसेल. पण २०.५ ग्रॅममधील एक कणही कोठे गेलेला नाही. द्रावण दुप्पट तीव्र झाले आहे. असे द्रावण बालकाच्या रक्तातील मिठाचे प्रमाण धोकादायक वाढवू शकते आणि जुलाबही बळावू शकतात. उलट, एक पुडी दोन लिटरात घातली तर औषध फिके पडते. म्हणून पुडीवरील सूचना वाचावी (काही लहान पुड्या २०० मिलिलिटरसाठी असतात), संपूर्ण पुडी सांगितलेल्या स्वच्छ पाण्यातच घालावी, वरून साखर वा मीठ घालू नये आणि २४ तासांनंतर उरलेले द्रावण टाकून द्यावे. बालक सुस्त झाले, त्यास पिता येईना अथवा शौचातून रक्त पडू लागले, तर विनाविलंब डॉक्टरांकडे न्यावे.

दुसरा प्रसंग पिण्याच्या पाण्याचा. नळगोंडा, यवतमाळ, चंद्रपूर अशा काही जिल्ह्यांत काही विहिरी व कूपनलिकांच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आढळते. ते दीर्घकाळ पोटात गेल्यास दातांवर डाग पडतात आणि हाडे कठीण होऊन सांधे जखडतात. भारतीय मानकानुसार लिटरमागे १ मिलिग्रॅम ही इष्ट मर्यादा आहे आणि दुसरे पाणी नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. पुष्कळ गृहिणींना वाटते, पाणी उकळले म्हणजे सर्व दोष गेले. उकळल्याने रोगजंतू मरतात, हे खरे. पण विरघळलेले फ्लोराइड मरत नाही, उडतही नाही. दहा लिटर पाण्यात १५ मिलिग्रॅम फ्लोराइड असेल आणि उकळून पाणी आठ लिटर उरले, तर फ्लोराइड १५ मिलिग्रॅमच राहते. म्हणजे लिटरमागे १.५ चे जवळजवळ १.९ मिलिग्रॅम होते. फडक्याने गाळूनही ते निघत नाही. यासाठी नागपूरच्या ‘नीरी’ या राष्ट्रीय संस्थेने तुरटी आणि चुना यांच्या साहाय्याने फ्लोराइड गाळाबरोबर खाली बसविण्याची रीत विकसित केली; ती ‘नळगोंडा पद्धती’ या नावाने प्रसिद्ध आहे. लक्षात घ्यावे, या रीतीनेही फ्लोराइड नष्ट होत नाही. ते पाण्यातून गाळात जाते. म्हणून तो गाळ विहिरीजवळ टाकणे शहाणपणाचे नव्हे.

पाणी स्वच्छ दिसले म्हणजे त्यात काही नाही, असे मानू नये. आणि पुडी दिसेनाशी झाली म्हणजे तिचा अंश कमी झाला, असेही समजू नये. श्वेतकेतूस जे जिभेने कळले, ते आपण मापाने जाणून घ्यावे. घरी लिटरचे एक खात्रीचे भांडे असावे आणि पाण्याविषयी शंका आली, तर त्याची तपासणी प्रयोगशाळेत करवून घ्यावी.