मारिओला मिशी का?

दोस्तांनो, आज रात्री जेवताना बाबांना किंवा काकांना एक प्रश्न विचारा. “तुमच्या लहानपणी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम होता का हो?” त्यांचं बालपण १९९० च्या दशकात गेलं असेल, मग ते चंद्रपुरात असो, वरोऱ्यात असो की गडचिरोलीत, तर उत्तराआधीच त्यांचा चेहरा खुलेल. “मारिओ! कॉन्ट्रा! बदकं मारायची बंदूक!”

काय होतं ते यंत्र? प्लॅस्टिकचा एक हलका डबा, वायरने जोडलेले दोन रिमोट आणि वर खोचायची कॅसेट. त्यावर ना गाणी वाजत, ना सिनेमा दिसे. फक्त खेळ! संगणक तेव्हा फार थोड्या घरांत होता. हा डबा मात्र घरच्याच टीव्हीला लागायचा. आणि रिमोट दोन, म्हणजे भावंडांची जोडी नाहीतर शेजारचा मित्र आलाच.

या डब्याचं मूळ जपानात आहे. निन्टेंडो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी ‘फॅमिकॉम’ विक्रीला आणला. आपला गडचिरोली जिल्हा त्याहून जेमतेम एका वर्षाने मोठा : जन्म २६ ऑगस्ट १९८२! आपल्याकडे बहुतेक त्याच्या स्वस्त नकलाच आल्या. कॅसेटवर छापलेलं असे ‘९९९९९९ गेम’, आत मात्र तेच मोजके खेळ पुन्हा पुन्हा. अशी यंत्रं आजही मिळतात. तेव्हा पालकहो, आकड्याला भुलू नका!

आता खरी गंमत. फॅमिकॉमची काम करायची स्मृती होती फक्त २ किलोबाइट, म्हणजे इंग्रजी २०४८ अक्षरं मावतील एवढी! १९८५ चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा अख्खा खेळ ४० किलोबाइटचा. मोबाइलवरचा एक फोटोसुद्धा त्याच्या कितीतरी पट मोठा असतो. मग भागवलं कसं? युक्तीने! मारिओचा चेहरा मोजक्या ठिपक्यांचा. त्यात तोंड काढायला जागाच नव्हती, म्हणून नाकाखाली मिशी आली. केस काढणं अवघड, म्हणून टोपी. आणि आकाशातले ढग नीट बघा : खालची झुडपं म्हणजे तेच ढग, फक्त हिरवे रंगवलेले!

बंदुकीची युक्ती तर आणखी भारी. ती काही सोडत नव्हती, ती फक्त बघत होती. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होई आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमके. बंदुकीच्या नळीतल्या डोळ्याला तो उजेड दिसला, की नेम लागला! नवे पातळ टीव्ही चित्र किंचित उशिरा दाखवतात. बंदुकीचा हिशोब तिथेच चुकतो, म्हणून बाबांची जुनी बंदूक त्यांच्यावर चालत नाही.

एक दुःख मात्र होतं. मारिओचा खेळ साठवून ठेवता येत नसे. शेवटच्या टप्प्यावर वीज गेली, की सगळं मुसळ केरात. पुन्हा पहिल्यापासून!

मारिओचे जनक शिगेरू मियामोतो क्योतोजवळच्या सोनोबे गावात वाढले. लहानपणी ते डोंगरझाडीत भटकत. एकदा त्यांना एक गुहा सापडली. कंदील घेऊन ते आत शिरले. त्या भटकंतीतूनच पुढे १९८६ चा ‘लेजंड ऑफ झेल्डा’ हा खेळ सुचला. म्हणजे खेळ रचायला आधी लागलं ते महागडं यंत्र नव्हे, तर रानात फिरलेले पाय. आणि रान तर आपल्या दाराशी आहे!

मारिओचे टप्पेही आधी आलेख-कागदावर काढले जात. मग या रविवारी तुम्हीही गणिताची चौकटीची वही घ्या. वैनगंगेचा काठ, मोहाचं झाड, भद्रावतीची विजासन लेणी... नायक कुठून निघेल? कुठे उडी मारेल? काढा चित्र, आणि मित्राला बोटाने खेळायला सांगा. वीज गेली तरी हा खेळ बंद पडणार नाही!