काळी बिअर, दोन कडूपणे

पुण्यात २००९ साली ‘डूलाली’ सुरू झाली, तेव्हापासून ताज्या बिअरची चर्चा आपल्याकडेही रंगते. काळी, हॉप्सवाली बिअर मात्र पारखायला अवघड. आमच्या माढ्याच्या भाषेत सांगतो: करपलेल्या भाकरीचा कडूपणा वेगळा, पाडव्याच्या कडुनिंबाचा वेगळा. पहिला भाजलेल्या माल्टचा, म्हणजे मोड आणलेल्या जवाचा. काळा रंगही त्याचाच. दुसरा हॉप्स या वेलीच्या फुलांचा. उकळताना त्यातली अल्फा आम्लं बदलून कडू होतात. १ आयबीयू म्हणजे लिटरमागे साधारण १ मिलिग्रॅम. पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका, माल्टचा गोडवा कडूपणा झाकतो. (वय २१ पूर्ण नसेल तर भाकरीवरच सराव करा!) बिअर फार गार नको, वास दबतो. घोटानंतर जिभेवर राख उरली, तर माझ्या मते माल्ट जास्तच भाजलंय. हॉप्सला उगाच बोल लावू नका.