गुलमर्ग

जम्मू व काश्मीर केंद्रशासित प्रदेशाच्या बारामुल्ला जिल्ह्यातील गिरिस्थान व भारतातील एक प्रमुख स्कीइंग केंद्र. ते श्रीनगरच्या पश्चिमेस सु. ५० किमी. अंतरावर, पीर पंजाल पर्वतश्रेणीत सु. २,६५० मी. उंचीवर वसले आहे. आज त्याची ख्याती मुख्यतः हिवाळ्यातील बर्फामुळे असली, तरी मुळात हे उन्हाळी वास्तव्याचे ठिकाण होय.

‘गौरीमर्ग’ हे याचे जुने नाव बदलून सोळाव्या शतकात काश्मीरचा सुलतान यूसुफ शाह चक याने ‘गुलमर्ग’ (फुलांचे कुरण) असे नाव दिले, असे सांगतात. ब्रिटिश अमदानीत मैदानी प्रदेशातील उष्म्याला कंटाळलेले यूरोपीय लोक उन्हाळाभर येथील लाकडी कुटिरांत राहत, गॉल्फ खेळत आणि थंडी पडू लागताच निघून जात. सेंट मेरी चर्च (१९०२) ही त्या काळाची खूण. येथील १९१५ मधील शिवमंदिर जून २०२४ मध्ये आगीत जळाले. स्कीइंगची सुरुवात १९२७ च्या सुमारास ब्रिटिशांच्या स्की क्लबमुळे झाली.

बर्फ वितळल्यावर या भूमीची खरी घडण दिसते. नवशिक्यांचे उतार म्हणजे बशीसारखे खोलगट कुरण असून त्याभोवती फर, पाइन इ. सूचिपर्णी वृक्षांचे रान आहे. कुरणात डेझी, बटरकप इ. फुले फुलतात, गुज्जर-बकरवाल आपली जनावरे चारावयास वर आणतात. अफरवट पर्वताच्या उघड्या उतारांवरील घळी व तेथील मोडलेली झाडे पाहिली, म्हणजे हिवाळ्यात हिमलोट कोणत्या वाटांनी कोसळतात याचा उलगडा होतो. बर्फाखाली ही चिन्हे झाकलेली असतात.

रज्जुमार्गाचा पहिला टप्पा (१९९८) कोंगडूरीपर्यंत, तर दुसरा (२००५) सु. ३,९५० मी. उंचीपर्यंत जातो. इतकी चढण अल्पावधीत पार होत असल्याने काहींना धाप लागते, डोके दुखते. उन्हाळ्यातील स्वच्छ हवाही फसवी असते. जून २०१७ मध्ये सोसाट्याच्या वाऱ्याने उन्मळलेले झाड रज्जूवर पडून सात जण मृत्युमुखी पडले. वारा वाढल्यास पाळणे बंद ठेवतात. तेव्हा पर्यटकाने हट्ट न धरणे बरे. आकाश निरभ्र असल्यास उत्तरेस नंगा पर्वत (८,१२६ मी.) दिसतो.

अफरवटच्या पायथ्याचे त्रिकोणी अलपथर सरोवर जूनपर्यंत गोठलेले असते. तेथील वितळलेले पाणी घेऊन निंगल नाला सोपोरजवळ झेलमला मिळतो. जानेवारी २०२४ मध्ये ऐन हंगामात हे उतार बव्हंशी कोरडे राहिले. २०२५ मध्ये येथील राष्ट्रीय हिवाळी क्रीडास्पर्धा बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. अशा वर्षी तोटा केवळ हॉटेलवाल्यांचा व स्कीइंग-शिक्षकांचा होत नाही. उन्हाळ्यात कुरणांना व खालच्या नाल्यांना मिळणारे पाणीही घटते.