रंगवता रंगवता अंकओळख



ऑक्टोबर ते डिसेंबर हे महिने आपल्यासाठी सणांचे आणि नाताळच्या तयारीचे. तळा परिसरात आणि एकूणच रायगड जिल्ह्यात कातकरी वाड्यांवर मात्र ही पांगापांगीची वेळ असते. भातकापणी आणि दिवाळी आटोपली की अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर, कोळसाभट्ट्यांवर कामाला जातात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. लहान मुले आईबापांसोबत जातात. बालवाडीत किंवा पहिलीत नुकती सुरू झालेली अंकओळख तिथेच सुटते.

हे नुकसान लहान नाही. भट्टीवरची मजुरी हजार विटांच्या हिशेबाने ठरते. जाण्यापूर्वी घेतलेली उचल मालकाच्या वहीत लिहिलेली असते. वहीतला आकडा ज्याला वाचता येत नाही, त्याला सांगितला तो हिशेब मान्य करावा लागतो. वेठबिगारीविरुद्धचा कायदा १९७६ साली झाला. पण न फिटणाऱ्या उचलीची भीती वाड्यांवरून अजून गेलेली नाही. म्हणून दिवाळीच्या सुटीतले दहा-बारा दिवस मोलाचे आहेत. या दिवसांत रंगकामातून १ ते १० अंक पक्के करून घेता येतात.

अनेक मुले एक ते दहा गाण्यासारखे म्हणतात, पण ७ हा अंक दाखवला की गप्प होतात. ‘सात’ हा शब्द, ७ ही खूण आणि सात बिया या तीन गोष्टी मुलाच्या मनात जुळल्या, की अंकओळख झाली. रंगकामात मुलाला प्रत्येक कप्प्यातली खूण पाहूनच रंग निवडावा लागतो. एका चित्रात तोच अंक आठ-दहा वेळा नजरेखालून जातो आणि मुलाला त्याचा कंटाळा येत नाही.

चित्र ओळखीचे असावे. बर्फ आणि घसरगाडी या मुलांनी पाहिलेली नाही. आकाशकंदील, पणती, मासा, चिंबोरी, टोपली त्यांना ठाऊक आहे. नाताळचा पाच टोकांचा ताराही त्यांना कंदिलासारखाच आपला वाटतो. आगमनकाळाच्या चार रविवारच्या चार मेणबत्त्या, मागी लोकांनी आणलेल्या सोने, ऊद व गंधरस या तीन भेटी, पाच भाकरी आणि दोन मासे अशी चित्रेही मोजायला सोपी आहेत.

पहिल्या दिवशी १, २, ३ एवढेच अंक घ्यावेत. कागदाच्या वर खूण असावी : १ लाल, २ पिवळा, ३ हिरवा. प्रत्येक अंकाशेजारी तितके ठिपके काढावेत. मुलाने आधी ठिपक्यांवर बोट ठेवून मोजावे, अंकाचे नाव घ्यावे आणि मग रंगवावे. मोजणी आधी त्याच्या बोलीत झाली तरी चालेल. मराठी शब्द मागून येतो. दोन दिवसांनी ठिपके काढून टाकावेत आणि पुढचे अंक घ्यावेत.

इथे एक काळजी घ्यावी. रोज ३ म्हणजे हिरवाच असेल, तर मूल अंक न शिकता ‘हिरव्याची खूण’ शिकते. म्हणून रंग रोज बदलावेत. ३ आणि ६ एकमेकांची आरशातली रूपे वाटतात, १ आणि ९ यांतही गोंधळ होतो. या जोड्या सुरुवातीला एका चित्रात आणू नयेत. इंग्रजी आकडे मराठी अंक पक्के झाल्यावरच दाखवावेत, कारण मराठी ४ हा इंग्रजी आठसारखा आणि मराठी १ हा इंग्रजी नऊसारखा दिसतो. शेवटी उलटे काम द्यावे : पाच माशांचे चित्र रंगवून मुलाने त्याखाली स्वतः ५ लिहावा. हे जमले की अंकाची ओळख पक्की झाली असे समजावे.

ही वाट आपल्या महाराष्ट्राला नवी नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीत बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. वारली मुले शाळेत येत नाहीत, तर शाळा त्यांच्या अंगणात न्यावी, म्हणून अंगणवाडी. गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा. महागड्या साहित्याऐवजी त्यांनी परिसरातल्या वस्तू वापरल्या. आपल्यालाही तेच करता येईल. सारवलेल्या अंगणात कोळशाने कप्पे आखावेत आणि गेरू, हळद, पाने, बिया यांनी ते भरावेत. भट्टीवर कागद नसला तरी जमीन आणि कोळसा असतोच.

आपल्यापैकी अनेकजण नाताळनिमित्त मुलांसाठी भेटी पाठवतात. चोवीस रंगांच्या पेटीपेक्षा जाड मेणखडूंचे पाच रंग पाठवावेत. लहान हातात तेच नीट बसतात आणि लवकर तुटत नाहीत. एका बाजूला कोऱ्या असलेल्या कागदांची बंडले पाठवावीत. भेटी दिवाळीपूर्वी पोहोचतील असे पाहावे. डिसेंबरात अनेक घरांना कुलूप असते. ज्यांच्या गावाजवळ वीटभट्टी आहे, त्यांनी मालकाची परवानगी घेऊन रविवारी उपासनेनंतर तासभर तिथल्या मुलांसोबत बसावे.

शंभर मेंढरांतले एक हरवले, हे प्रभूच्या दाखल्यातल्या मेंढपाळाला मोजल्यामुळेच कळले असेल. भट्टीवर गेलेली मुलेही आपल्या मोजणीत राहोत, ही प्रार्थना.